मुनीमच्या पोटाचा आळ

मित्रांनो, मी एक जुना जर्मनचा वाडगा आहे, आणि आता मला कशाचंच फारसं काही वाटत नाही.

जर्मनचा म्हणजे ॲल्युमिनियमचा. आमच्या उदगीरकडं ॲल्युमिनियमला जर्मन म्हणतात. का म्हणतात ते मला विचारू नका. मी जर्मनी पाहिलेली नाही. माझा जन्म लातूरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. गोल पत्र्यावर साचा दाबला, आणि मी झालो. त्या दिवशी माझ्याबरोबर आणखी चारशे वाडगे जन्मले. एवढ्या गर्दीत कुणी कुणाचं कौतुक करत नाही.

ही सव्वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. नायगावचा हणमंत नावाचा वीस वर्षांचा पोरगा दुकानात आला. त्याच्या चुलतबहिणीचं, शांतम्माचं लग्न होतं. त्यानं पितळेची भांडी पाहिली, स्टीलची पाहिली, खिसा चाचपला, आणि मला उचललं. आमच्याकडं आहेराच्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव घालायची पद्धत आहे. दुकानदारानं मशीन लावलं आणि माझ्या अंगावर घर्र घर्र करत लिहिलं, ‘शांतम्माच्या लग्नात हणमंत, नायगाव याजकडून सप्रेम भे’. इथं माझी कड संपली. उरलेला ‘ट’ त्यानं बुडाखाली घातला. त्यामुळं मी पुरता कोण आहे हे कळायला मला उलटं करावं लागतं, आणि एवढे कष्ट सहसा कुणी घेत नाही.

लग्नात आहेर वाचून दाखवणाऱ्यानं मला मांडवात वर धरलं, नाव वाचलं, आणि तो थोडा थांबला. माझ्यासोबत आणखी काही असेल असं त्याला वाटलं. नव्हतं.

शांतम्माच्या सासरी पिठाची गिरणी. नवरा माणिकप्पा गिरणी चालवायचा, अजूनही चालवतो. लग्नात आलेली सगळी चांगली भांडी कागदात गुंडाळून माळ्यावर गेली, कुणी मोठा पाहुणा आला की काढू म्हणून. तेवढा मोठा पाहुणा अजून आलेला नाही. मी चांगला नव्हतो म्हणून वापरात राहिलो. तेवीस वर्षं मी गिरणीत कोंडा भरला. एका पावसाळ्यात मला गळक्या पत्र्याखाली ठेवलं होतं, तेव्हा शांतम्मा म्हणाली, “बरं झालं हा वाडगा होता.” माझ्या आयुष्यातली ही एवढीच स्तुती. मी ती अजून पुरवून पुरवून वापरतो.

मग तीन वर्षांपूर्वी मुनीम आला.

मुनीम म्हणजे कुत्रा. शांतम्माची मुलगी शिवकन्या लातूरला स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करायची. निकाल चार वेळा लागला. चारही वेळा यादीत तिचं नाव नव्हतं. पाचव्या वेळी ती सामान घेऊन घरी आली, आणि सामानातल्या एका पिशवीतून नाक बाहेर आलं. बदामी रंग, एक कान उभा, एक आडवा. आल्या दिवसापासून तो गिरणीच्या दारात वजनकाट्याशेजारी बसायला लागला आणि प्रत्येक डब्याकडं असं बघायला लागला, जणू दळणात खोट आहे. म्हणून मुनीम.

त्या दिवसांत गिरणीत येणारा प्रत्येक माणूस शिवकन्येला विचारायचा, “काय झालं मग निकालाचं?” मुनीमनं कधी विचारलं नाही. मित्रांनो, या घरात मुनीम तिचा काय होता हे कळायला एवढं पुरे आहे.

“त्याला खायला काय देऊ? कशात देऊ?” तिनं विचारलं.

“त्यो जर्मनचा दे की,” शांतम्मा म्हणाली. “फक्त नाव भिंतीकडं करून ठेव. उद्या हणमंत आला तर बरं दिसंल का?”

असा मी कुत्र्याचा झालो. मला त्याचं वाईट वाटलं नाही. कोंड्यापेक्षा जीभ बरी. दिवसातून चार वेळा मला आतून बाहेरून चाटलं जाई आणि पुन्हा घासायची गरज राहत नसे.

वाईट वाटायला लागलं ते मुनीमच्या पोटानं. ते पोट फार नाजूक निघालं. दुसऱ्या कुत्र्यांना उकिरड्यावरचं प्लास्टिक पचतं. मुनीमला बुंदीचा एक दाणा तीन दिवस पुरायचा. आज जुलाब, उद्या उलटी, परवा उपास, तेरवा पुन्हा जुलाब. जनावरांच्या सरकारी दवाखान्यातल्या लुंबिनी मॅडम म्हणाल्या, तो कशात खातो ते भांडंसुद्धा घेऊन या. म्हणून मीही गेलो. मोटारसायकलवर माणिकप्पा, मागं शिवकन्या, मधे मुनीम, आणि मी हँडलला.

“याला काय काय देता?” मॅडमनी विचारलं.

“काहीच न्हाई,” माणिकप्पा म्हणाले. “नुसता भात.”

मॅडमनी मला नाकाशी धरलं. माझ्यात तेव्हा भाताशिवाय पाच वास होते. त्यांनी मला खाली ठेवलं आणि काही बोलल्या नाहीत. सरकारी नोकरीत माणूस असं शिकत असावा.

“पोट जन्माचंच नाजूक आहे,” त्या म्हणाल्या. “गोळीनं आठ दिवस भागेल, पुढचं तुमच्या हातात. मऊ भात, मुगाचं पातळ वरण, उकडलेला लाल भोपळा. तेल नाही, तिखट नाही, मीठसुद्धा नाही. दूध तर दाखवूही नका. दिवसातून तीनदा, थोडं थोडं, रोज तेच. वरून काही नाही. आणि अंडं उकडून दिलंत तर...”

माणिकप्पांचा हात आपोआप गळ्यातल्या इष्टलिंगाकडं गेला.

“बरं, अंडं राहू द्या,” मॅडम म्हणाल्या.

शिवकन्येनं घरी येऊन स्वतःच्या अभ्यासाचं वेळापत्रक भिंतीवरून काढलं आणि तिथं मुनीमचं लावलं. सकाळी सात, दुपारी एक, संध्याकाळी सहा. भात, वरण, भोपळा. खाली लाल पेनानं लिहिलं, ‘वरून काही नाही’. सगळ्यांनी वाचलं. सगळ्यांनी मान डोलावली.

आता मी तुम्हाला सांगतो काय झालं, कारण हे फक्त मला माहीत होतं.

सकाळी सहाला माणिकप्पा चहा घेत. बशीतलं शेवटचं बिस्कीट चहात बुडवून ते माझ्यात टाकत आणि दुसरीकडं बघत. कुत्र्याला बिस्कीट घालताना दुसरीकडं बघितलं की ते घातलेलं धरत नाहीत, अशी त्यांची समजूत होती. अकराला शांतम्मा भाकऱ्या थापून उठे. शेवटची भाकरी कुत्र्याची, हे त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. ती कोरडी कशी द्यायची म्हणून वर तुपाची धार. दुपारी शेजारच्या सिंधुकाकू दळण घेऊन येत आणि पदराला बांधलेला गुळाचा खडा सोडून टाकत. “गूळ थंड असतो,” असं त्या मलाच सांगत.

आणि संध्याकाळी अभ्यास आटोपल्यावर शिवकन्या माझ्याशेजारी जमिनीवर बसे, खारीचा तुकडा चुरून घाले, आणि म्हणे, “खारी म्हणजे काय खाणं हाय व्हय. नुसती हवा.” वेळापत्रक तिनंच लिहिलेलं होतं. हे सांगताना मला सगळ्यात जास्त थकवा येतो.

प्रत्येकाला वाटायचं, आपण एकटेच देतो, आणि एवढंसंच देतो. मी तळाशी पडून सगळ्यांचं एवढंसं गोळा करत होतो. मला तोंड आहे, पण ते फक्त वरच्या बाजूला उघडं आहे. त्यातून बोलता येत नाही.

पोट काही थांबेना. श्रावणातल्या एका सोमवारी सिंधुकाकूंनी लेकीच्या साखरपुड्याच्या पुरणपोळ्यांचे गहू आणले, डबा रांगेत ठेवला, आणि मुनीमला बाहेर जायला वेळच मिळाला नाही. तपशील सांगत नाही. गिरणीत पांढऱ्या पिठावर सगळं फार स्पष्ट दिसतं.

“माझ्या पुरणाच्या गव्हापाशी,” सिंधुकाकू एवढंच म्हणाल्या आणि पदर नाकाला लावून उभ्या राहिल्या. रांगेतल्या दोन बायांनी आपले डबे उचलले आणि दुसऱ्या गिरणीची वाट धरली.

माणिकप्पांनी पट्टा बंद केला. गिरणी थांबली की त्या घरात फार शांत होतं.

“शिवकन्या, बस झालं,” ते म्हणाले. “एक महिना देतो. महिन्यात याचं पोट बांधलं तर राहील. न्हाई तर हणमंतरावाला सांगतो. त्याला शेतावर कुत्रं पाह्यजेच हाय, रानडुकरं लई झाल्यात.”

“तिथं काय खाईल तो, अप्पा?”

“जे मिळंल ते.”

“मॅडम म्हणाल्या, असलं तसलं खाल्लं तर आठ दिवसांत वाळंल म्हून.”

“मंग इथं नीट राहायचं त्यानं.”

मुनीमकडं सगळ्यांनी बघितलं. त्यानं शेपूट हलवली. त्याला हणमंतराव म्हणजे खायची वस्तू वाटली असावी.

त्या दिवसापासून प्रेम वाढलं. मुनीमला घालवून द्यावं लागेल या काळजीनं माणिकप्पांचं एक बिस्कीट दोन झालं. शांतम्माच्या तुपाची धार लांबली. सिंधुकाकूंना आपण तक्रार केल्याचं वाईट वाटत होतं, म्हणून खड्याचं ढेकूळ झालं. महिन्याच्या चौथ्या दिवशी पुन्हा जुलाब लागले, आणि सगळे कारण शोधायला बसले.

“मी एक सांगू का?” सिंधुकाकूंनी मोबाइल डोळ्यांजवळ धरला. “हितं आलंय. जर्मनच्या भांड्यात खाल्लं की पोट नासतं म्हणे. पुढं पाठवा म्हून लिहिलंय खाली.”

खाली पुढं पाठवा असं लिहिलेलं असल्यामुळं कुणाला शंका राहिली नाही. सगळे माझ्याकडं वळले. मित्रांनो, त्या क्षणी माझ्या आत अर्धी भाकरी, तूप, गूळ आणि बिस्किटाचा लगदा पडलेला होता. तो त्यांनी बाजूला काढला आणि त्याच्याखालच्या मला दोष दिला.

माळ्यावरून स्टीलचा वाडगा उतरवला. सव्वीस वर्षांत त्या गठ्ठ्यातला पहिल्यांदा सुटलेला कागद. पाहुण्यासाठी राखलेला वाडगा कुत्र्याला मिळाला. मला मागच्या अंगणात नळाखाली ठेवलं आणि माझ्यात धुण्याचा साबण टाकला. तेवीस वर्षं कोंडा, तीन वर्षं कुत्रा, आणि शेवटी साबण. साबणानं निदान स्वच्छता येते, अशी मी स्वतःची समजूत घातली, पण मला ती फारशी पटली नाही.

नळापासून स्टीलचा वाडगा दिसायचा. त्याच्यात तेच सगळं पडत होतं, फक्त जास्त चकचकीत दिसत होतं. तिसऱ्या आठवड्यात मुनीम उठेना. शिवकन्येनं त्याला ओढणीत गुंडाळून दवाखान्यात नेलं. परत आला तेव्हा पायाला सलाइनची पट्टी होती आणि बरगड्या मोजता येत होत्या. त्या रात्रीपासून ती जेवायला बसायची आणि ताट तसंच परत सरकवायची. शांतम्मा ते झाकून ठेवायची. एकदा फक्त म्हणाली, “लेकराचंबी पोट गेलं अन् कुत्र्याचंबी.”

अठ्ठाविसाव्या दिवशी सकाळी हणमंतराव आले.

वीस वर्षांचा पोरगा आता शेहेचाळीस वर्षांचा झाला होता. डोक्याला पांढरं उपरणं, दाराशी जीप, जीपमधे साखळी. आल्या आल्या त्यांनी मुनीमला बघितलं, “अरं, हा तर काडी झाला की,” म्हणाले, आणि बरोबर आणलेल्या खोक्यातला एक पेढा त्याच्या स्टीलच्या वाडग्यात टाकला. मग पाय धुवायला नळावर आले. नळ सोडला. पाणी माझ्यावर पडलं, साबणाचा फेस वाहून गेला, आणि फेसाखालून त्यांचं नाव वर आलं.

ते वाकले. साबण काढून बाजूला ठेवला. मला उचललं, आणि उलटं केलं. बुडाखालचा ‘ट’ बघितला.

सव्वीस वर्षांत असं कुणी केलं नव्हतं.

“शांता,” त्यांनी हाक मारली. “हे माझं भांडं न्हवं का?”

शांतम्मा दारात आली आणि तिथंच थांबली. माणिकप्पांनी गिरणीचा पट्टा बंद केला, आणि पुन्हा सुरू केला. सिंधुकाकू दळणाला आल्याच होत्या. त्या स्वभावानं खऱ्या.

“तुमचंच हाय,” त्या म्हणाल्या. “कुत्र्याला दिल्तं. पण जर्मननं त्याचं पोट नासलं, म्हून काढलं भाईर.”

हणमंतराव मला हातात धरून उभे राहिले. पायावरचं पाणी वाळलं.

“म्हंजे माझ्या आहेरानं तुमचं कुत्रं बिमार पडलं,” ते सावकाश म्हणाले.

“तसं न्हाई रे हणमंत,” शांतम्मा म्हणाली. “बस आधी. चहा टाकते.”

“चहा नको मला.”

आमच्याकडं पाहुणा चहा नको म्हणाला की बोलणी संपतात. शांतम्माचा चेहरा पडला. माणिकप्पा हात पुसत बाहेर आले. “हणमंतराव, आता मोबाइलवरच आलं होतं, तर...”

“दाजी, लग्नाच्या मांडवात तुमच्याकडचे लोक हसले होते या वाडग्याला. मी सगळं ऐकलं होतं. पंधरा दिवस एकाच्या आडतीवर पोती उचलून हा घेतलेला. हसू दिलं. पण हा नासका हाय, हे मी ऐकून घेणार न्हाई.”

मला इतकं महत्त्व कधी आलं नव्हतं, आणि मला ते नीट झेपतही नव्हतं.

हणमंतरावांनी राखेनं मला स्वतः घासलं. स्टीलचा वाडगा उचलून बाजूला ठेवला आणि मला वजनकाट्याशेजारी माझ्या जुन्या जागी ठेवलं, नाव भिंतीकडं न करता लोकांकडं करून. “ऊन उतरलं की घेऊन जातो कुत्र्याला,” एवढं म्हणाले, आणि गिरणीतल्या बाकड्यावर आडवे झाले. तोंडावर उपरणं घेतलं.

उपरण्याला एक विरलेली जागा होती. ती बरोबर त्यांच्या उजव्या डोळ्यावर होती. हे मला खालून दिसत होतं, बाकीच्यांना नाही.

मुनीमचा त्या घरातला हा शेवटचा दिवस होता. मित्रांनो, शेवटच्या दिवशी माणसं काय करतात ते मी बघितलं. माणिकप्पा आले, इकडंतिकडं बघितलं, आणि दोन बिस्किटं टाकली. पाच मिनिटांनी पुन्हा आले आणि दोन टाकली. शांतम्मानं तुपात न्हाऊन निघालेली भाकरी आणली आणि वर थोडी शेंगदाण्याची चटणीही घातली, “कोरडं कसं खाईल,” म्हणून. मग दुधाची साय आणली. सिंधुकाकूंनी गूळ घातला आणि साखरपुड्यातली उरलेली करंजी घातली. डोळे पुसले, आणि पदराच्या टोकाचे फुटाणेही घातले. मुनीम कधी खायचा, कधी नुसता माझ्या काठावर हनुवटी टेकवून बसायचा. त्याच्यात चाटायचीही ताकद नव्हती.

चार वाजता शिवकन्या आली. तिनं वेळापत्रकाप्रमाणं आणलेला भात बाजूला ठेवला आणि खारी चुरायला घेतली. “तिथं मामा तुला खारी देणार न्हाईत,” ती हळू म्हणाली. “कुणी काही विचारणार पण न्हाई. बरंच हाय म्हणा.”

बाकड्यावरचं उपरणं एकदा वरखाली झालं.

पाचला हणमंतराव उठून बसले. “सगळ्यांना बोलवा,” म्हणाले. त्यांच्या हातात लाइटच्या बिलाचा मागचा कोरा भाग होता, आणि त्यावर पेनानं लिहिलेलं होतं.

“सकाळी आठ. दाजी, दोन बिस्किटं. आठ वाजून पाच मिनिटं. दाजी, दोन बिस्किटं.”

माणिकप्पा छताकडं बघायला लागले.

“अकरा. शांता, भाकरी. तूप. चटणी. नंतर साय.”

“शेवटची भाकरी त्याचीच असती,” शांतम्मा म्हणाली. “त्यात काय.”

“बारा. या काकू. गूळ. करंजी. फुटाणे.”

“मी तर नुसता खडा देते रोज,” सिंधुकाकू म्हणाल्या. “आज जरासं जास्त झालं असंल.”

“मीबी एकच बिस्कीट देतो रोज,” माणिकप्पा म्हणाले. “फार तर दोन.”

“ज्याचं त्याचं एकच,” हणमंतराव म्हणाले, “अन् पोट बिचाऱ्याचं एकच.” त्यांनी बिल डोळ्यांपासून लांब धरलं. “चार. शिवकन्या. खारी.”

शिवकन्या भिंतीवरच्या वेळापत्रकाकडं बघत राहिली. लाल पेनानं लिहिलेली ओळ तिथंच होती. मग ती खाली बसली आणि मला दोन्ही हातांनी जवळ ओढलं. का ते मला कळलं नाही. मी काही जवळ ओढण्यासारखी वस्तू नाही.

“मीच घालवलं असतं त्याला,” ती म्हणाली.

प्रत्येकजण मनात तेच म्हणत होता.

“दहा गोष्टी,” हणमंतराव म्हणाले. “एका दिवसात. अन् नाव माझ्या वाडग्याचं.”

मित्रांनो, दहा नव्हत्या. त्यांचा सकाळचा पेढा धरून अकरा होत्या. अकरावी मला माहीत होती, मुनीमला माहीत होती, आणि हणमंतरावांच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या बघून त्यांनाही माहीत असावी. पण लिहिणारा स्वतःचं नाव यादीत घालत नाही. हे मी सगळीकडंच बघितलं आहे.

“मी कुत्रं नेत न्हाई,” ते म्हणाले. “आजपासून महिनाभर हा याच वाडग्यात खाईल. एकटी शिवकन्या देईल. मॅडमनी सांगितलं ते, वरून काही न्हाई. बाकीच्यांनी हात मागं बांधून बसायचं. महिन्यानं मी येतो. पोट बिघडलेलं असंल तर कुत्रं अन् वाडगा दोन्ही घेऊन जातो. बरं असंल तर दाजी, गिरणीत लोक असताना तुम्ही म्हणायचं, की भांडं चांगलं होतं.”

“म्हणतो,” माणिकप्पा म्हणाले.

“लोक असताना.”

“म्हणतो म्हटलं की.”

तो महिना फार अवघड गेला. मुनीमला नव्हे, इतरांना. पहिले दोन दिवस मॅडमनी सांगितल्याप्रमाणं चमचा चमचा भाताची पेज, मग भात, मग वरण, मग हळूहळू भोपळा. मुनीम खायचा आणि झोपायचा. माणिकप्पा मात्र चहाच्या वेळी शेवटचं बिस्कीट हातात धरून उभे राहायचे आणि मग स्वतःच खायचे, औषध घेतल्यासारखं. सिंधुकाकू पदराला गाठच मारायच्या नाहीत. शिवकन्येनं खारी आणायची बंद केली. संध्याकाळी ती भाताचा वाडगा ठेवायची आणि स्वतःचं ताट घेऊन शेजारी बसायची. दोघं बरोबर जेवायचे. तिचं ताट रिकामं व्हायला लागलं.

सगळ्यात हाल शांतम्माचे. शेवटची भाकरी थापून झाली की शांतम्मा ती हातात घेऊन माझ्यापर्यंत यायची आणि परत फिरायची. कधी गायीला घालायची, कधी तव्याशेजारी तशीच ठेवायची. “माझ्या सासूनं सांगितलेलं,” ती शिवकन्येला म्हणाली. “कुत्र्याची भाकरी न थापता चूल विझवू नको म्हून. मी एकदाबी चुकले न्हाई. आता काय करू?” शिवकन्येनं भिंतीवरच्या कागदाकडं बघितलं. भाकरीबद्दल तिथं काही नव्हतं.

महिन्यानं हणमंतराव आले तेव्हा गिरणीत सात डबे रांगेत होते. मुनीम वजनकाट्याशेजारी बसून डब्यांवर संशय घेत होता. आडवा कानसुद्धा आज उभा. बरगड्यांवर कातडं आलेलं. हणमंतरावांनी त्याला बघितलं, मला बघितलं, आणि बाकड्यावर जाऊन बसले.

माणिकप्पांनी पट्टा बंद केला. घसा साफ केला.

“भांडं चांगलं होतं,” ते मोठ्यानं म्हणाले. सात डब्यांच्या सात बाया त्यांच्याकडं बघायला लागल्या. कुणाचं भांडं, कधीचं, हे त्यांना माहीत नव्हतं. “पहिल्यापासूनच चांगलं होतं. चूक आमची होती.”

हणमंतरावांनी उपरणं सारखं केलं.

“शांता,” ते म्हणाले, “चहा टाक.”

यानंतर माझी अवस्था सुधारली असं तुम्हाला वाटेल. तसं काही झालं नाही. मी अजून जमिनीवरच आहे. एका बाजूला पोचा आला आहे, कड झिजली आहे, आणि ‘सप्रेम’मधला ‘स’ मुनीमच्या दातांनी गेला आहे. स्टीलचा वाडगा पुन्हा कागदात गुंडाळून माळ्यावर गेला. त्याला अजून मोठ्या पाहुण्याची आशा आहे.

तिसऱ्या महिन्यात लुंबिनी मॅडम म्हणाल्या, भाकरीचा कोरडा तुकडा द्यायला हरकत नाही, पण रुपयाएवढा. आठवडाभर बघा, मग पुढचं. शिवकन्येनं घरी येऊन आईला सांगितलं. शांतम्मा परातीपाशी बसली, शेवटचं पीठ होतं त्यातून चिमूटभर घेतलं, आणि थापायला लागली. दोन बोटांनी. रुपयाएवढी भाकरी झाली. ती तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला, उलटली, आणि ती चक्क फुगलीसुद्धा.

“तूप न्हाई,” शांतम्मा स्वतःशीच म्हणाली.

तिनं निखारे ओढून चूल विझवली आणि भाकरी माझ्यात आणून टाकली. ‘टिक’ असा आवाज झाला. मुनीमनं ती खाल्ली आणि आणखी आहे का म्हणून बुडापर्यंत चाटून बघितलं. नव्हतं. कुणीच काही आणायला उठलं नाही. सगळे जागेवर बसून राहिले, आणि मी बघितलं, माणिकप्पांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते.

मित्रांनो, मला आता फार बोलवत नाही. तुमच्या घरी एखादं नाजूक पोटाचं जनावर असेल, तर त्याला घालण्याआधी घरातल्या सगळ्यांना विचारा, तुम्ही काय घातलं. आणि खोटं बोलू नका. खाली एक वाडगा ऐकत असतो. मी रोज अकरा वाजायची वाट बघतो. तव्यावरून रुपयाएवढी भाकरी उतरते, टिक करून पडते, आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच माझ्यात जेवढं पाहिजे तेवढंच पडलेलं असतं.